बारा मिनिटं

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, चोपडीत बालाघाटातल्या कित्येक मुलांची जन्मवेळ ‘गोंदियाची गाडी आली तेव्हा’ अशी लिहिलेली आहे. काहींची ‘भरवेलीच्या खाणीचा भोंगा झाला तेव्हा’. घड्याळ फार थोड्या घरांत होतं. छोट्या लाईनीची गाडी शिट्टी देत स्टेशनात शिरायची आणि तेवढ्यात कुणाच्या घरी मूल रडायचं. सुईण बाहेर येऊन सांगायची, म्हातारी माणसं ध्यानात ठेवायची, आणि बारशाच्या आत कुणीतरी आमच्या ओट्यावर येऊन बसायचं. “गुरुजी, पोराची पत्रिका मांडून द्या ना.” मग आबा गाडीची वेळ लिहून घेत, पंचांग उघडत, पाटीवर हिशेब करत आणि टाकानं कुंडली आखून कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावत.

२० मे २०२५ रोजी पुण्यात जयंत नारळीकर गेले. त्या रात्री मी ती चोपडी फडताळातून खाली काढली. तिच्यात वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण आहे, १९६५ सालचं. मी दहा वर्षांची होते. नागपूरचा पेपर गोंदियावरून आमच्याकडे यायचा, उशिरा यायचा, आणि आबा तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. केंब्रिजला संशोधन करणाऱ्या एका सव्वीस वर्षांच्या मराठी मुलानं आपले गुरू फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडलाय, आणि त्या वर्षी त्याला पद्मभूषण मिळालंय, असं त्यात होतं. आबांनी कात्रीनं तो चौकोन कापला आणि पत्रिकांच्या चोपडीत ठेवला. आकाशाचा हिशेब करणारा मुलगा म्हणजे आपल्याच व्यवसायातला, अशी त्यांची साधी समजूत होती. आई म्हणाली, “तो वेगळा हिशेब आहे हो.” आबा म्हणाले, “आकाश तर एकच आहे नं.”

या वाक्यापाशी मी आयुष्यभर घुटमळले आहे. आकाश एकच आहे. पण त्याच्याशी आपलं नातं कोणतं?

नारळीकरांविषयी मी शाळेत मुलींना जे सांगत आले ते आधी थोडक्यात सांगते. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वाढले काशीला, कारण वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि सापेक्षतावादावर संशोधन करत. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात फळा होता आणि मामा त्यावर अवघड गणित लिहून ठेवत. भाच्यानं ते सोडवायचं, नाही सुटलं तर मग मामांनी उत्तर लिहायचं. हा फळा मला त्यांच्या सगळ्या पदकांहून मोठा वाटतो. पुढे केंब्रिज. १९७२ मध्ये मायदेशी परत, मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलसंशोधन संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. ही संस्था मुळात विद्यापीठांसाठी. लहान गावातल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ना दुर्बीण मिळते ना ग्रंथालय, त्यानं सुट्टीत इथे यावं, काम करावं, परत जाऊन आपल्या मुलांना शिकवावं. मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला स्वतःचं नाव लपवून पाठवली आणि ती पहिली आली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. ही पद्धत मी माझ्या वर्गात उचलली होती. शनिवारी प्रत्येक मुलीनं कार्डाएवढ्या कागदावर एक प्रश्न लिहून माझ्या टेबलावर ठेवायचा, आणि सोमवारी मी उत्तर द्यायचं. उत्तर येत नसेल तर ‘मला येत नाही’ असं लिहून द्यायचं.

मी बत्तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं, हिंदीतून. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि वैनगंगा आमच्या गावाखालून वाहत महाराष्ट्रात गेली. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात पोवारी. जडत्व हा शब्द मात्र इथेही तोच आणि तिथेही तोच.

जडत्व शिकवताना मी बादली वापरायची. शाळेच्या अंगणात आंब्याची एक आडवी फांदी होती. तिला सुंभ बांधायचा, खाली अर्धी भरलेली बादली टांगायची, मुलींनी बादली फिरवून फिरवून सुंभाला पीळ द्यायचा. मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, पाणी निवळू द्यायचं, आणि सोडायचं. आधी बादली गरगर फिरते पण पाणी सपाटच राहतं. हळूहळू पाणी बादलीबरोबर फिरू लागतं आणि मधोमध खळगा पडतो, पाणी काठाकडे चढतं. मग बादली हातानं गच्च धरायची. बादली थांबली, तरी पाणी फिरतंच आहे आणि खळगा तसाच आहे. मुलींना विचारायचं, पाण्याला कसं कळलं की आपण फिरतोय? बादलीवरून तर नाही. बादली फिरत होती तेव्हा पाणी सपाट होतं, आणि थांबली तेव्हा खळगा होता.

हा प्रयोग न्यूटनचा. त्याचं उत्तर असं की निरपेक्ष अवकाश म्हणून काही आहे, पाणी त्याच्या संदर्भात फिरतं. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख यांनी ते नाकारलं. रिकाम्या अवकाशाला कुणी पाहिलंय? दिसतात ते तारे. पाणी फिरतं ते दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात. तारेच नसते तर फिरणं या शब्दाला अर्थ उरला नसता. हॉईल आणि नारळीकर यांनी १९६४ मध्ये जे गणित मांडलं ते या विचाराला धरून आहे. कोणत्याही कणाचं वस्तुमान हे त्याचं एकट्याचं नाही, विश्वातल्या इतर सगळ्या कणांमुळे ते त्याला मिळतं. हातातला दगड ढकलायला जोर लागतो, त्यात विश्वातल्या सगळ्या वस्तूंचा वाटा आहे. आणि त्या वाट्यात जवळचे थोडे आणि लांबचे फार, कारण लांबच्यांची संख्या अफाट आहे.

हा सिद्धांत सर्वमान्य झाला नाही, हेही मी मुलींना सांगायची. तरी तो पहिल्यांदा नीट समजला त्या दिवशी मी घरी येऊन देवघरासमोर बसले आणि बराच वेळ उठले नाही. ‘सर्वांभूती’, ‘चराचर’ असे शब्द आमच्या घरात रोज उच्चारले जात. त्यांना इतका सरळ अर्थ असू शकेल असं वाटलं नव्हतं.

आता माझ्या पत्रिकेतल्या मंगळाविषयी.

माझी पत्रिका आबांनीच केली. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं आणि ते रोज रेडिओच्या वेळेशी जुळवलेलं असायचं. त्यामुळे सबंध चोपडीत मिनिटापर्यंत बिनचूक अशी वेळ एकच, माझी. अष्टमात मंगळ. मला तीन ठिकाणं सांगून आली, तिन्ही पत्रिकेवरून परत गेली. चौथ्या वेळी आई रात्री आबांना म्हणाली, ते मी आतल्या खोलीतून ऐकलं. “बारा मिनिटं मागे घ्या. कोण बघायला आलंय?” तिचा हिशेब पक्का होता, एवढी वर्षं ती त्यांच्या शेजारी बसून पाटी पुसत होती. मी जन्मले तेव्हा लग्नराशी, म्हणजे पूर्वेला उगवणारी रास, नुकतीच बदलली होती. बारा मिनिटं आधीची वेळ लिहिली की लग्न आधीच्या राशीचं होतं, मंगळ आठव्याऐवजी नवव्या घरात जातो आणि दोष उरत नाही. आबा खूप वेळानं बोलले. “वेळ खोटी लिहिणार नाही.”

मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. पण त्यांच्या त्या खरेपणाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. पुढे मीच त्यांच्यासमोर पाटी घेऊन बसले. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, या पाच घरांत मंगळ असला की दोष. घरं एकूण बारा. म्हणजे सरळ हिशेबानं दर बारा माणसांत पाच जण मंगळाचे, शंभरात बेचाळीसच्या आसपास. “आबा, निम्मा गाव थोडक्यात सुटला.” त्यांनी आकडा पाहिला, पाटी पुसली आणि संध्येला उठले.

लग्न झालं नाही. त्याचं दुःख होतं तेव्हा होतं, आता नाही. शाळा होती, आबा-आई होते. हे सांगते ते एवढ्याचसाठी की पत्रिका हा माझ्यासाठी वादाचा विषय कधीच नव्हता. ती घरातली भाकरी होती आणि घरातलं दारही तिनंच लावलं होतं.

आबांचा विश्वास ज्या दिवशी तुटला तो दिवस मला माहीत आहे, आणि तो एखादं भाकीत चुकल्यामुळे तुटला नाही. भरवेलीच्या एका खाणकामगाराचा मुलगा पोळ्याच्या आदल्या रात्री जन्मला होता, ‘गाडी आली तेव्हा’. आबांनी पत्रिका केली. लहानपणी पाण्याची भीती, मग सांभाळलं जाईल. पाठीवर एकच भाऊ. बापाच्याच व्यवसायात स्थिरता. सगळं तसंच झालं. मुलगा तळ्यात पडला, काढला गेला. भाऊ एकच झाला. खाणीत नोकरी लागली. त्या आनंदात बाप आबांना धोतरजोडी घेऊन आला. ओट्यावर तेव्हा गार्डाच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. गप्पांमध्ये सालाचा, पोळ्याचा उल्लेख झाला. ते म्हणाले, “त्या रात्रीची गाडी मीच आणली होती. पावसानं रुळांवर पाणी होतं, अडीच तास उभे होतो.”

धोतरजोडी देणारा हसला, गार्डसाहेबही हसले. आबांनी दोघांना चहा पाजला. ते गेल्यावर चोपडी काढली. लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं. अडीच तासांत सगळी घरं सरकली होती. त्यांनी खरी पत्रिका नव्यानं मांडली, मी शेजारी होते. तिचं फळ निराळं निघत होतं, काही ठिकाणी अगदी उलट. आणि त्या कुटुंबाला चुकीच्या पत्रिकेचं अक्षर न् अक्षर खरं झालेलं दिसत होतं.

फळ चुकलं असतं तर आबांनी स्वतःला दोष दिला असता, शास्त्राला नाही. पण हे बरोबर आलं होतं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

त्यानंतरही लोक येत राहिले आणि आबा पत्रिका करत राहिले, पण एक बदल झाला. चोपडीत तो स्पष्ट दिसतो. कुंडली आखलेली, ग्रहांचे अंश कलांपर्यंत लिहिलेले, आणि उजवीकडचं फलिताचं पान कोरं. कुणी विचारलं तर म्हणत, “तेव्हा आकाश असं होतं. एवढं मला सांगता येतं.” दक्षिणा कमी झाली. आईनं तक्रार केली नाही.

आबा १९९६ मध्ये गेले. त्यामुळे २००८ साली नारळीकरांनी ज्योतिषाची जी चाचणी घेतली ती त्यांना कळली नाही, आणि याची मला फार हळहळ वाटते. पुण्यात नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती केली. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले. दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, शंभर हुशार म्हणून शाळेनं निवडलेली, शंभर मतिमंद मुलांच्या शाळांतली. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका द्यायच्या आणि कोणती कोणत्या गटातली एवढंच विचारायचं. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं ४६ टक्के. एका संस्थेनं दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ बरोबर आली. नाणं उडवूनही एवढंच आलं असतं. दाभोलकरांचा पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ला, पुण्यात खून झाला. माणसांना प्रश्न विचारायला शिकवण्याची किंमत या देशात केवढी असू शकते ते तेव्हा दिसलं.

मी तो निकाल वाचला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं नाही. मला आबांचं कोरं पान दिसलं. त्यांच्याकडे एकच पत्रिका होती, संख्याशास्त्र नव्हतं, पण तेही तिथेच पोचले होते.

मला सर्वांत विचार करायला लावते ती गोष्ट पुढची. दूरचे तारे दगडालासुद्धा त्याचं वस्तुमान देतात असं गणित मांडणारा माणूस आणि मंगळ तुमचं लग्न ठरवत नाही हे आकड्यांनी दाखवणारा माणूस, एकच. यात विरोध नाही. नारळीकरांच्या सिद्धांतात विश्वाशी नातं आहे, ज्योतिषातल्या नात्यापेक्षा पुष्कळ जास्त, पण ते सगळ्यांशी सारखं आहे. त्यात मंगळाचा वाटा एवढासा. पलीकडच्या असंख्य, नाव नसलेल्या ताऱ्यांचा वाटा मोठा, आणि तो राजाला आणि भरवेलीच्या कामगाराला एकाच मापानं मिळतो. पत्रिका म्हणते, आकाश तुझ्याकडे बघतंय. हे गणित म्हणतं, आकाश तुझ्यात आहे, पण तुझ्याकडे बघत नाही.

मग देवाचं काय? हा प्रश्न मला आमच्या भजनी मंडळातल्या बायका विचारतात, आणि तो हलका प्रश्न नाही. आपल्याकडे वेगळं बघत नाही त्याला हात कशाला जोडायचे? मी रोज सांजवात लावते. तुळशीपुढे उभी राहते. मागणं सोडून बरीच वर्षं झाली. मला वाटतं, माझ्यासाठी बारा मिनिटं मागे घेणारा देव मला नको आहे, कारण मग दुसऱ्या कुणाची तरी बारा मिनिटं पुढे जातील. पण १९९६ मध्ये आबा गेले त्या आठवड्यात नागपूरला हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मी मृत्युंजयाचा जप केला होता, आणि मागितलं होतं. स्पष्ट शब्दांत मागितलं होतं. ते खोटं होतं असं मला म्हणवत नाही. माणूस मागतो ते त्याच्या बाजूनं खरंच असतं. आकाशानं त्याला उत्तर द्यावं हा आग्रह मात्र मी धरत नाही.

नारळीकरांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मला याच विचारात आधार देते. विश्वाला आरंभ नाही, या बाजूला ते गुरूंबरोबर उभे राहिले. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सगळ्या दिशांकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे आरंभाच्या, बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारलेला सिद्धांत मांडला, त्यालाही फार थोडे अनुयायी मिळाले. आपल्याकडे अनेकांना वाटलं की अनादि-अनंत म्हणजे आपल्या शास्त्रांत सांगितलं तेच. हा टाळ्यांचा मार्ग त्यांना सहज मिळाला असता. त्यांनी तो घेतला नाही. जुन्या ग्रंथांत आजचं विज्ञान शोधण्याच्या हौशीविरुद्ध ते लिहीत राहिले, आणि २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणायचं ठरलं तेव्हा त्याला उघड विरोध केला. आपलं मत एकट्याचं राहिलं तरी चालेल, पण त्याला चुकीचा टेकू नको. आबांचं ‘वेळ खोटी लिहिणार नाही’ मला इथे ऐकू येतं. दोघांनी मांडलेलं शेवटी बरोबर होतं की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कुणी म्हणेल हे गणिताच्या शिक्षिकेला शोभत नाही. मला ते शोभतं असंच वाटतं.

पुण्याला आयुकात मी एकदाच गेले. तिथे फूकोचा लंबक आहे. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी फिरते, म्हणून तो हलतो ते प्रतल आपल्याला सावकाश वळताना दिसतं. पुण्याच्या अक्षांशावर त्याची एक फेरी साधारण ७५ तासांत पुरी होते. मी तिथेच पर्सवर कागद ठेवून आमच्या गावाचा हिशेब केला. बालाघाटला सुमारे ६५ तास.

नारळीकर गेले त्यानंतरच्या जानेवारीत आमच्या गल्लीतली एक सून बाळाला घेऊन आली. गुरुजींची मुलगी म्हणून अजून लोक येतात. हॉस्पिटलच्या कागदावर जन्मवेळ छापलेली होती, चार वाजून सतरा मिनिटं. “मावशी, तुम्ही मांडून देता नं?” मी मांडून दिली. आबांच्याच पद्धतीनं, अंश आणि कला लिहून, कोपऱ्यांना हळदकुंकू लावून. तिनं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“पुढचं?”

दिवेलागण झाली होती. मी तिला गच्चीवर नेलं. पूर्वेला गुरू उगवून वर आला होता, मिथुनेत. पश्चिमेकडे कललेला शनी दाखवला. मंगळ कुठे म्हणून तिनं विचारलं. तो या दिवसांत सूर्याजवळ आहे, दिसणार नाही, असं मी सांगितलं. तिनं पुन्हा गुरूकडे पाहिलं, तो पत्रिकेत ज्या घरात होता तिथे बोट ठेवलं, मग आकाशाकडे बोट केलं. “म्हणजे हा तो?”

“हो. तोच.”

वैनगंगेकडून गार वारा येत होता. तिनं बाळाचं टोपडं कानांवर ओढलं आणि त्याचं तोंड तिकडे वळवून धरलं.